त्या सिस्टरबाईंचे मांडे

आई, धाकटीच्या वेळी दवाखान्यात तुझं ऑपरेशन झालं, ते तू मागितलं होतंस की तुला न विचारताच करून टाकलं? मला याचं उत्तर देता येत नाही. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण त्याचं उत्तर आपल्याकडे सगळ्यांना पाठ होतं. आजीनं ते गावभर सांगितलं होतं. दुसरीही मुलगीच झाली, सून निपचित पडलेली, आणि तेवढ्यात नाशिकच्या त्या दवाखान्यातल्या सिस्टरनं डॉक्टरीणबाईंना सांगून पाळणा बंद करून टाकला. ना नवऱ्याला विचारलं, ना सासूला. "तिना हात झडोत," असं आजी सटाण्याकडच्या आपल्या बोलीत म्हणायची. भाकरी थापताना म्हणायची, शेंगा फोडताना म्हणायची, कोणाच्या नातवाचा विषय निघाला की हमखास म्हणायची. मग सगळे तुझ्याकडे बघायचे. तू मान खाली घालून म्हणायचीस, "माले काय समजस त्यामा?" मला त्यातलं काय कळतंय, एवढंच. बाबांना दुसरी बायको करून द्यायचं बोलणं एकदा निघालं होतं, तेही विरलं. दोष तुझा नव्हता ना. सगळा राग त्या सिस्टरच्या नावानं जमा होत राहिला आणि तू त्याच घरात ताठ मानेनं नाही, पण निवांत वावरत राहिलीस.

मी घरातली पहिली पदवीधर झाले आणि पुढे समाजकार्य शिकले ते तुझ्या या गोष्टीमुळेच. आता मी एका संस्थेत आहे. दवाखान्यांतल्या नर्सना आणि गावोगावच्या आशाताईंना मी शिकवते, की बाईला विचारल्याशिवाय तिच्या शरीरात काही बसवायचं नाही, काही कापायचं नाही. गोळ्या, तांबी, इंजेक्शन, टाक्याचं ऑपरेशन, बिनटाक्याचं ऑपरेशन, सगळं तिच्यापुढे मांडायचं आणि गप्प बसून तिला बोलू द्यायचं. प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात मी तुझ्यापासून करायचे. "माझ्या आईला कोणी विचारलं नाही," असं म्हणून थांबायचे. एकदा मागच्या रांगेतली एक जण रडली होती, आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं. पण या कामानं मला संशय घ्यायलाही शिकवलं. सही असते तिथे होकार असतोच असं नाही. नवरा "तिचीच इच्छा आहे" म्हणतो तेव्हा ती कुठे बघत असते, ते मी बघते. सासू फार गोड बोलायला लागली की मी सावध होते. आणि एवढ्या सगळ्यांवर संशय घेताना तुझ्यावर मात्र कधी घेतला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सुरुवात मांड्यांपासून झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू मागच्या बोळात विटा मांडून चूल पेटवायचीस आणि त्यावर खापर पालथं घालायचीस. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत तू वाढवतेस, तो पार कोपरापर्यंत येतो, धोतराच्या कापडासारखा पातळ होतो, आणि मग एका झटक्यात तू तो तापलेल्या खापरावर टाकतेस. मी शेजारी उभी, तुझा हात भाजतो का ते बघत. भाजत नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, नाशकात राहून मांडे करणारी ही एकटीच. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांतले चांगले निवडून, घडी घालून, स्वच्छ फडक्यात बांधून तू मला बरोबर घ्यायचीस आणि आपण चालत त्या दवाखान्यात जायचो. त्याच दवाखान्यात. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसायचो. थोड्या वेळानं एक जाडशा सिस्टरबाई बाहेर यायच्या, फडकं हातात घेऊन आधी वास घ्यायच्या.

"काय गं, सासू देते का अजून शिव्या?"

"देती ना बाई. सणावाराला तर जास्तच देती."

"देऊ दे. तिच्या शिव्या खाऊनच तर अशी गुटगुटीत झालेय मी."

आणि तू हसायचीस. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. घरी तू असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. येताना एकदा मी विचारलं, आजी तर म्हणते ही बाई वाईट आहे, मग आपण हिला मांडे का देतो? तू द्वारका चौकातल्या गर्दीत, हातगाड्या आणि रिक्षांच्या मधोमध थांबलीस. माझा दंड असा धरलास की बोटं उमटली. "घरी जाऊन हे बोललीस तर जीभ हासडीन," म्हणालीस. मग पुढच्या कोपऱ्यावर मला उसाचा रस पाजलास, पूर्ण ग्लास, एकटीला. मी तेव्हा एवढंच शिकले की या दोन गोष्टी एकत्र बोलायच्या नाहीत. आणि इतकी नीट शिकले की पुढे पदवी घेतली, तुझी गोष्ट सगळीकडे सांगत फिरले, तरी त्या गोष्टीत मांडे कधी आले नाहीत.

ज्या बाईनं आपलं वाटोळं केलं तिला कोणी मांडे नेऊन देतं का? असं म्हटलं की वाटतं, तूच मागितलं होतंस, तूच त्या सिस्टरबाईंना सांगितलं असशील, की तुमच्या नावावर घ्या. गोळ्या कुठे ठेवणार होतीस तू? तुझी पत्र्याची पेटी आजी आली की आधी उघडायची. तांबी बसवली असतीस तर कोणी ना कोणी काढायला लावली असती. परत कोणाला काही बदलता येणार नाही, असं ऑपरेशन एकच होतं. पण मग माझ्यातली दुसरी मी जागी होते. गरीब बायका सिस्टरांसमोर हसतातच, मी रोज बघते. जिच्या हाती पुन्हा कधी आपला जीव सोपवावा लागेल तिच्याशी कोण वाकडं वागेल? मांडे म्हणजे उपकाराची फेड असेल, नाहीतर भीतीही असेल. हसू म्हणजे हसूच असेल, असं मी आता मानत नाही.

या वर्षी धाकटी दुसऱ्या बाळंतपणाला आपल्याकडे आली. तिला तू देवळ्याला दिलेली पाहिली नाहीस. घर शेतकऱ्याचं, कांदा पिकवणारं, माणसं खाऊनपिऊन सुखी. पहिली मुलगी आहे. एका संध्याकाळी ती मटार सोलत बसली होती, बाबा टेम्पो लावून चहा घेत होते, आणि मी सहज वाटावं अशा आवाजात मांड्यांचा विषय काढला. मला वाटलं होतं बाबा दचकतील.

"हां, त्या सिस्टरबाई," बाबा म्हणाले. "त्यांना फार आवडायचे. एका वर्षी तुझी आई तापानं पडली होती, तर मीच म्हटलं, अगं, त्या बाईंचे मांडे राहिले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आता पुरणाला डाळ कोण आणायचं घरात?"

"मग आजी शिव्या घालायची तेव्हा तुम्ही गप्प का बसायचात?"

"शिव्यांनी कोणाला काय होतं गं? बाई नाशकात, तुझी आजी गावात. ऐकू तरी जात होत्या का?"

धाकटी फिसकन हसली. मी नाही हसले. मी विचारलं, "आईनं स्वतः सांगितलं होतं का ऑपरेशन करायला?" बाबांनी कप खाली ठेवला. "रक्त फार गेलं होतं तिचं. त्या बाईंनी हलू दिलं नाही, रात्रभर उशाशी होत्या. बाकी मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही." मग उठून टेम्पोच्या चाकातली हवा बघायला गेले. चाकात हवा होती, मी खिडकीतून पाहिलं. बाबांनी कधी विचारलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि विचारलंच नसेल तर का नाही, यावर मी अजून विचार करते आहे.

बाबा बाहेर गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मला तिसरं नकोय." मी माझ्या कामातल्यासारखी सगळी साधनं एकेक करून तिच्यापुढे मांडली आणि तिनं एकेक बाजूला सारलं, खराब मटार सारावेत तसं. गोळ्या नकोत, सासूबाई कपाट आवरतात. इंजेक्शन नको, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात कोण नेणार, आणि गेले की गावाला कळतं. "निरोध? मेडिकलवाला ह्यांच्या वर्गातला आहे. हे दुकानापर्यंत जातात आणि खोकल्याचं औषध घेऊन येतात." पाहुण्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, नसबंदी करायचा विषय मी काढला तेव्हा ती माझ्याकडे असं बघायला लागली की मलाच हसू आलं. "आणि ऑपरेशन?" मी विचारलं. ती म्हणाली, "ऑपरेशन केलं की दार बंद. मग यांना दुसरी करायला सांगतील. आणि कांदा काढायच्या दिवसांत मला टाके सांभाळत कोण बसू देईल? तांबी बरी. तांबी असली की अजून 'बघू' म्हणता येतं." मला तिचं कौतुक वाटलं. तिनं शरीराचा विचार सगळ्यात शेवटी केला, आणि तरीही तिचा हिशेब कुठे चुकला असं मला म्हणता येईना.

दवाखान्यात जी तरुण सिस्टर होती ती माझ्याच एका प्रशिक्षणात बसलेली. तिनं सगळं शिकवल्यासारखं केलं. कळा सुरू व्हायच्या आधी मला बाहेर काढलं, धाकटीला एकटीला विचारलं, पुन्हा विचारलं. मला समाधान वाटलं. मुलगी झाली, बाळंतपण सुखरूप झालं, तांबी तेव्हाच बसली. दुसऱ्या दिवशी तिची सासू आणि पाहुणे आले. सासूनं नातीला मांडीवर घेतलं, कपाळावरून हात फिरवला, "लक्ष्मी आली," म्हणाली, आणि लगेच, "पुढल्या टायमाला बघू." तेवढ्यात ती सिस्टर आली आणि सरळ मनानं बोलून गेली, "दीड महिन्यानं तांबी तपासायला आणा बरं का हिला."

सासूचा हात नातीच्या कपाळावरच थांबला. "कसली तांबी? कोणाला इचारून?"

मी धाकटीकडे बघितलं. ती मान खाली घालून चादरीचा कोपरा चिमटीत धरून होती. मग ती म्हणाली, "माले काय समजस त्यामा? त्यांनीच बसवली."

आई, ते तुझं वाक्य होतं. तुझाच आवाज, तीच खाली घातलेली मान. तू गेलीस तेव्हा ती लहान होती, तिला तुझा चेहरासुद्धा फोटोतला आठवतो. सासरची बोली तिच्या तोंडात बसली असेल. त्या संध्याकाळी मटार सोलताना बाबांचं बोलणं तिनं माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं असेल. ही सगळी स्पष्टीकरणं मी नंतर शोधली.

सासू सिस्टरवर तुटून पडली. गरिबाच्या सुनांना काय जनावरं समजता काय, गावात सांगते सगळ्यांना, या दवाखान्यात पाय ठेवू नका. सिस्टरनं धाकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती खरं बोलली असती तर धाकटीचं देवळ्यातलं घर त्याच दिवशी उधळलं असतं. आणि ती गप्प बसली तर त्या गावातली पुढची बाई बाळंतपणाला दवाखान्यात येणार नाही, घरीच अडून राहील. अशा बायकांच्या दारात मी उन्हातान्हात जाऊन बसलेली आहे, "न विचारता काही करत नाहीत हो" असं सांगत. "तू तर हितंच होती ना?" सासू माझ्याकडे वळली. "तू शिकलेली. तू सांग, इचारलं का हिला?"

मी म्हणाले, "मावशी, सिस्टरना काही बोलू नका. मी सांगितलं बसवायला. हिला माहीत नव्हतं. मीच तिच्या वतीनं हो म्हटलं."

सासू म्हणाली, "सोताचं लगीन नाय, लेकरू नाय, आन् दुसऱ्याचा पाळणा बांधून ठेवती! एवढं शिकून हेच शिकली का?" वॉर्डातल्या सगळ्या बाया ऐकत होत्या. मी ऐकून घेतलं. सासू सिस्टरला म्हणाली, आत्ताच्या आत्ता काढ. सिस्टर आवाज सावरून म्हणाली, "जिच्या पोटात आहे तिनं सांगितलं की काढू." सासू म्हणाली, "सांग की गं!" धाकटी भिंतीकडे वळून म्हणाली, "माझं अंग दुखतंय. आत्ता कोणी हात लावू नका." पाहुणे पिशवी धरून दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता असं मला वाटतं, पण खात्री नाही. सिस्टरनं जाताना माझ्या खांद्याला नुसता हात लावला. तोही आभाराचा होता की "तुम्हीसुद्धा?" असा होता, मला कळलं नाही.

आता देवळ्याच्या त्या घरात माझं नाव निघालं की शिव्या निघतात, असं ऐकते. ऐकू येत नाहीत, बाबा म्हणाले ते खरं आहे. धाकटीला कोणी काही बोलत नाही. आखाजीला तिला माहेरी पाठवलं नाही, मोठी बहीण घरात आहे म्हणून. परवा फोनवर मी विचारलं, "काढली का?" ती म्हणाली, "कांदा काढून चाळीत पडू दे, मग बघू." सासू शेजारी होती म्हणून तसं म्हणाली, की तिला तसंच म्हणायचं होतं, हे मला ओळखता आलं नाही.

एक गोष्ट तुलाच सांगते. मी खोटं बोलले असं मला वाटत होतं, पण आता तेही नक्की वाटत नाही. ती गरोदर राहिल्यापासून दर फोनला मी तिला काहीबाही ऐकवत होते, दोन पुरेत, तुझं तू बघ, अजून वय काय तुझं. त्या संध्याकाळी ती "तिसरं नकोय" म्हणाली, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असेल. सिस्टरनं मला बाहेर काढलं खरं, पण मी तिच्या डोक्यातून बाहेर गेले होते का? धाकटी हो म्हणाली ते तिचं होतं, की शिकलेल्या बहिणीला खूश करायला? तिला विचारलं तर ती हसेल आणि विषय बदलेल. तू तरी काय वेगळं केलं असतंस? आणि उद्या तिची ही मुलगी मोठी होऊन माझ्याकडे आली, मावशी, माझ्या आईला खरंच विचारलं नव्हतं का म्हणून विचारायला लागली, तर मी काय सांगणार आहे ते मला माहीत आहे. मी सांगेन, नाही विचारलं, मीच केलं. त्या सिस्टरबाई आज असत्या आणि मी त्यांच्या दारात गेले असते, तरी त्यांनी मला हेच सांगितलं असतं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते मला द्यायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. हे पत्रही म्हणून कुठे जायचं नाही.

गेल्या आठवड्यात नर्सची नवी तुकडी होती. मी तुझी गोष्ट सांगितली नाही. चहाच्या वेळी एकीनं विचारलं, ताई, तुम्ही या कामाकडे कशा वळलात? मी म्हणाले, "नोकरी लागली म्हणून." तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मी बशीत तिला आणखी एक बिस्किट दिलं आणि वर्गात जायला सांगितलं.